निवृत्तिवेतन जादा दिलं गेलं म्हणून वसुलीचं पत्र आलं, तर काय करायचं?

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी, कधी सहा वर्षांनी, जुन्या कार्यालयाकडून किंवा कोषागारातून पत्र येतं. मजकूर ठरलेला असतो : ‘आपणास वेतन व निवृत्तिवेतनाचे अतिप्रदान झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रक्कम तात्काळ शासनखाती जमा करावी, अन्यथा आपल्या निवृत्तिवेतनातून वसूल करण्यात येईल.’ खाली आकडा, बहुतेक वेळा लाखांतला. असं पत्र आलं की काही जण मुदत ठेव मोडून पैसे भरून मोकळे होतात. काही जण पत्र कपाटात ठेवून देतात आणि पुढच्या महिन्यात पेन्शन कमी आली की धावपळ करतात. दोन्ही वाटांनी नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

हे मार्गदर्शन मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून नुकत्याच निवृत्त झालेल्यांसाठी आणि कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषद आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी जिथे वाट वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

वसुलीच्या प्रत्येक पत्रात दोन प्रश्न असतात. रक्कम खरोखरच जादा दिली गेली का, हा पहिला. आणि दिली गेली असली, तरी ती आता तुमच्याकडून परत घेता येते का, हा दुसरा.

बहुतेक निवृत्त मंडळी या दोन्हींची सरमिसळ करतात. ‘चूक माझी नव्हती’ एवढंच लिहून देतात आणि हिशेब तपासतच नाहीत. किंवा हिशेबावर वर्षभर वाद घालतात आणि कायद्यानं दिलेलं संरक्षण मागायचं राहून जातं. उत्तर देताना दोन्ही मुद्दे मांडायचे, पण वेगवेगळे : ‘रक्कम जादा नाही, आणि ती जादा आहे असं क्षणभर धरलं, तरी वसूल करता येत नाही.’ पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्याच्या तयारीसाठी आहेत.

पहिली पायरी : पत्र नीट वाचा आणि कशावरही सही करू नका

पत्र मिळाल्याची तारीख पत्रावरच लिहून ठेवा. पोस्टानं आलं असेल तर पाकीट टाकू नका, त्यावरचा शिक्का पुढे मुदत मोजायला लागतो. मग पाहा : पत्र कोणी काढलं आहे (कार्यालयप्रमुख, कोषागार अधिकारी, की बँक)? जावक क्रमांक आहे का? कोणत्या कालावधीची वसुली आहे? कोणत्या नियमाखाली? आणि मुख्य म्हणजे, ही कारणे दाखवा नोटीस आहे की थेट आदेश?

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १३४-अ इथे कामाचा आहे. सेवाकाळात जादा दिलेली रक्कम निवृत्तिवेतनातून वसूल करण्याचा अधिकार शासनाला या नियमानं मिळतो, हे खरं. पण त्याच नियमात निवृत्तिवेतनधारकाला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असंही आहे. नोटीस न देता थेट कपात झाली असेल, तर तुमच्या उत्तरातला तो पहिला मुद्दा.

काही कार्यालयांत पत्रासोबतच एक संमतिपत्र पुढे केलं जातं. ‘सही करा, म्हणजे ग्रॅच्युइटी (उपदान) लगेच मोकळी होईल,’ असं सांगितलं जातं. घरात लग्नकार्य किंवा कर्ज असेल तर मोह होणारच. तरीही सही करू नका. संमती एकदा दिली की पुढे न्यायाधिकरणासमोर पहिला कागद तोच ठेवला जातो. ‘हप्ते पाडून द्या’ असा अर्जही या टप्प्यावर नको, कारण त्यात थकबाकी मान्य असल्याचं आपसूक येतं.

दुसरी पायरी : कागद मिळवा

कागद हाती आल्याशिवाय सविस्तर उत्तर लिहू नका. मुदत कमी असेल तर ‘खालील कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत खुलासा सादर करतो’ असं पत्र द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.

कोणते कागद? सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत. वसुलीचा महिनावार तक्ता. ज्या वेतननिश्चितीवर आक्षेप आहे तो मूळ आदेश. वेतन पडताळणी पथकाचा किंवा महालेखापाल कार्यालयाचा आक्षेप जसाच्या तसा. आणि तुमच्या सहीचं हमीपत्र असल्याचं कार्यालय सांगत असेल, तर त्या हमीपत्राची प्रत.

तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच असावा लागतो. म्हणून ‘का वसुली करता?’ असं विचारत बसू नका. वरच्या कागदांची नावं लिहा आणि प्रती मागा. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील.

तिसरी पायरी : चूक कुठे झाली ते शोधा

आपल्याकडची बहुतेक अतिप्रदानं वेतनवाढीच्या चुकांतून निघतात. आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा, लाभ एखादं वर्ष आधी दिला गेला. संगणक अर्हता, म्हणजे एमएस-सीआयटी, मुदतीत झाली नाही, तरी वेतनवाढ चालूच राहिली. वेतन आयोग लागू होताना विकल्पाची, म्हणजे नवी श्रेणी कधीपासून घ्यायची याची, तारीख चुकली आणि एक वेतनवाढ जास्त पडली. अशी चूक पंधरा-वीस वर्षं सेवापुस्तकात निजून राहते. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक पडताळणी पथकाकडे जातं, तिथे लाल शाईनं शेरा पडतो आणि तिथून पुढे प्रत्येक वर्षाचं वेतन एक-एक पायरी खाली येतं.

दुसरा प्रकार निवृत्तीनंतरचा. यातलं एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू, कारण नवख्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. समजा तुमचं शेवटचं मूळ वेतन ६०,००० रुपये होतं. निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं, ३०,०००. तुम्ही ४० टक्के पेन्शन विकली, म्हणजे अंशराशीकरण केलं. १२,००० रुपये दरमहा कमी होऊन मूळ पेन्शन १८,००० उरायला हवी. महागाई वाढ मात्र पूर्ण ३०,००० वर मिळते. आता अंशराशीकरणाची एकरकमी रक्कम खात्यात जमा झाली, पण १२,००० ची कपात सुरूच झाली नाही, असं होऊ शकतं. दोन वर्षांत २ लाख ८८ हजार जादा जमा होतात. हे पैसे तुमचे नव्हते, आणि ते लक्षात येणंही अवघड नव्हतं. अशा प्रकरणात कोर्टाची सहानुभूती मिळेलच, असं मी कोणालाही सांगणार नाही. इथे शहाणपण म्हणजे आपण होऊन कोषागाराला लेखी कळवणं आणि हप्ते मागणं.

कुटुंबनिवृत्तिवेतनात वेगळीच गोम असते. ते सुरुवातीला वाढीव दरानं मिळतं आणि ठरावीक तारखेनंतर मूळ दरावर येतं. ती तारीख पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर, छापलेली असते. तारीख उलटूनही वाढीव दर चालू राहिला, तर फरक साचत जातो आणि एक दिवस वृद्ध विधवेच्या हातात वसुलीचं पत्र पडतं. आपल्या आईच्या, सासूच्या पीपीओवरची ही तारीख आजच पाहून ठेवा.

अपंगत्व आल्यावर दिलेलं वेतन ‘जादा’ नसतं

हा भाग वेगळा काढला आहे, कारण इथे अन्याय फार सहज होतो. नोकरीत असताना अपघातानं किंवा आजारानं अपंगत्व आलं. वाहनचालकाची दृष्टी गेली, शिपायाचा पाय गेला. त्याला हलकं काम दिलं आणि वेतन आधीचंच ठेवलं. वर्षांनी लेखापरीक्षक विचारतो : कनिष्ठ पदाचं काम आणि वरच्या पदाचं वेतन कसं? आणि अतिप्रदान काढतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) स्पष्ट आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेनं काढून टाकायचं नाही, पदावनत करायचं नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं, पद निर्माण करायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ मध्ये हेच संरक्षण होतं. म्हणजे इथे दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायची गरजच नाही. रक्कम जादा नव्हतीच. उत्तरात हे कलम पहिल्या परिच्छेदात घाला आणि वैद्यकीय मंडळाचा दाखला सोबत जोडा.

दिव्यांग मुलाला किंवा मुलीला मिळणारं कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र अटींवर चालतं. स्वतःची कमाई सुरू झाली तर ती कळवावी लागते, कमाई नसल्याचा दाखला वेळोवेळी द्यावा लागतो. पालक म्हणून हे काम तुमचं आहे. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची पोच जपून ठेवा. पुढे ‘माहिती लपवली’ असा आरोप झाला तर ती पोचच कामाला येते.

चौथी पायरी : हिशेबाचा तक्ता तपासा

तक्ता छापील आहे म्हणून बरोबर आहे असं धरू नका. एका बाजूला ‘दिलेले’, दुसऱ्या बाजूला ‘देय’, तिसऱ्या रकान्यात फरक. प्रत्येक वर्षाची वेतनवाढीच्या महिन्याची (बहुतेकांची जुलैची) ओळ सेवापुस्तकाशी ताडून पाहा, कारण फरक तिथेच चढतो. महागाई भत्त्याचा दर त्या त्या महिन्याचा लावला आहे का ते पाहा. बिनपगारी रजेचे महिने पूर्ण वेतनाचे धरले आहेत का? ज्या महिन्यांत तुम्ही दुसऱ्या कार्यालयात होता, ते दोनदा आले आहेत का? व्याज लावलं असेल तर कोणत्या नियमानं, असं लेखी विचारा.

निवृत्तीनंतरच्या महिन्यांसाठी राज्याच्या कोषागारांच्या ‘महाकोष’ संकेतस्थळावर ‘निवृत्तिवेतनवाहिनी’त जाऊन मासिक पावत्या काढा आणि बँकेच्या पासबुकाशी जुळवा.

पाचवी पायरी : वसूल करता येते का?

इथे प्रत्येक निवृत्त माणसाला ठाऊक असायला हवा असा निकाल म्हणजे ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४, (२०१५) ४ एससीसी ३३४. कर्मचाऱ्यानं फसवणूक किंवा खोटी माहिती दिलेली नसताना, प्रशासनाच्या चुकीनं दिलेली रक्कम पुढील परिस्थितीत वसूल करता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं :

१. वर्ग ३ आणि वर्ग ४, म्हणजे आजच्या गट क आणि गट ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून;
२. निवृत्त झालेल्यांकडून, किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून;
३. जादा रक्कम आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर;
४. कर्मचाऱ्याकडून चुकीनं वरच्या पदाचं काम करून घेतलं आणि त्याचं वेतन दिलं असेल तर;
५. वसुली इतकी जाचक किंवा मनमानी ठरेल की शासनाच्या हक्कापेक्षा तो अन्यायच मोठा होईल, असं न्यायालयाला वाटलं तर.

निवृत्त लिपिक, शिपाई, तलाठी, पोलीस हवालदार यांना यातले पहिले दोन मुद्दे एकदमच लागू पडतात, आणि जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर तिसराही. गट अ आणि ब मधल्यांनी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यावर भर द्यावा. पुढे २०२२ मध्ये ‘थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात एका निवृत्त शिक्षकाकडून मागितलेली रक्कमही सर्वोच्च न्यायालयानं माफ ठरवली. केंद्र सरकारनं २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनानं रफिक मसीहची सूत्रं आपल्या खात्यांना कळवली आहेत, ती केंद्रीय निवृत्तांनी उद्धृत करावीत.

आता दुसरी बाजू. कार्यालय तुम्हाला ‘जगदेव सिंग’ प्रकरण दाखवेल. २०१६ च्या या निकालात सुधारित वेतनश्रेणी घेताना अधिकाऱ्यानं ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलं होतं. न्यायालयानं वसुली मान्य केली, मात्र हप्त्यांत. म्हणून हमीपत्राची प्रत मागायची. ते कधी दिलं, कशासाठी दिलं आणि त्यातला मजकूर काय, यावर सगळं अवलंबून असतं. वेतननिश्चितीच्या वेळी दिलेलं हमीपत्र वेगळं. निवृत्तीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, पेन्शन अडेल या भीतीनं केलेली सही वेगळी. आश्वासित प्रगतीच्या चुकीसाठी वेतन आयोगाच्या वेळचं हमीपत्र दाखवलं असेल, तर तेही वेगळंच. हा फरक उत्तरात ठळकपणे मांडा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण इथे पुष्कळांची निराशा होते. रफिक मसीह मागची वसुली थांबवतो, चुकीची वेतननिश्चिती बरोबर ठरवत नाही. निश्चिती खरोखर चुकली असेल, तर यापुढची पेन्शन दुरुस्त होऊन कमी येईल.

सहावी पायरी : उत्तर लिहा

एक पान पुरे. भाषा सभ्य, मुद्दे क्रमवार. नमुना असा :

‘संदर्भाधीन पत्रान्वये रु. … इतक्या रकमेच्या वसुलीबाबत कळविले आहे. याबाबत माझा खुलासा पुढीलप्रमाणे. (१) सदर रक्कम अतिप्रदान नाही, कारण … (आदेश क्र. व दिनांक, प्रत सोबत). (२) उपरोक्त मुद्द्यास बाध न येता, मी गट क मधून दि. … रोजी सेवानिवृत्त झालो/झाले असून वेतननिश्चिती कार्यालयाने केली आहे. माझ्याकडून कोणतीही खोटी माहिती दिली गेलेली नाही. सबब मा. सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह प्रकरणातील दि. १८/१२/२०१४ च्या निर्णयानुसार वसुली अनुज्ञेय नाही. (३) वसुलीचा आदेश रद्द करावा, निर्णय होईपर्यंत कपात करू नये व रोखून ठेवलेले उपदान अदा करावे.’

‘उपरोक्त मुद्द्यास बाध न येता’ हे शब्द गाळू नका, त्यांच्यामुळेच दोन्ही मुद्दे एकत्र उभे राहतात. प्रत कोषागार अधिकाऱ्यांना आणि महालेखापाल कार्यालयाला पाठवा (मुंबई किंवा नागपूर, पीपीओ जिथून निघाला तिथे). हातोहात दिलं तर आवक क्रमांक, पोस्टानं दिलं तर पोचपावती.

सातवी पायरी : ऐकलं नाही तर

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं बसतात. अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. ही मुदत चुकवू नका. ‘साहेब सकारात्मक आहेत’ या आश्वासनावर मुदत वाढत नाही. अर्जासोबतच वसुलीला अंतरिम स्थगिती मागा. आधीच कापून घेतलेली रक्कम परत करण्याचे आदेशही मॅटनं दिलेले आहेत, तेव्हा कपात झाली म्हणून हात टेकू नका.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या लोकांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना १९८७ च्या कायद्याखाली मोफत विधी साहाय्य मिळतं, उत्पन्न कितीही असलं तरी. कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसतं. त्यांना जरूर सांगा.

बँकेनं परस्पर पैसे कापले तर

हे मुख्यतः केंद्रीय निवृत्तांच्या बाबतीत होतं, कारण त्यांची पेन्शन बँकेच्या केंद्रीय पेन्शन कक्षातून निघते. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं यावर कडक निकाल दिला. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या पेन्शनमधून बँकेनं ३ लाख ६९ हजारांवर रक्कम कापायला घेतली होती. संमतीशिवाय, आपल्या मर्जीनं असं कापण्याचा बँकेला अधिकार नाही, असं सांगून न्यायालयानं बँकेवर ५० हजारांचा खर्च बसवला. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जादा पेन्शन वसुलीबाबतची आपली जुनी परिपत्रकं मागे घेतली आणि संबंधित शासकीय प्राधिकरणांचं मार्गदर्शन घ्यायला बँकांना सांगितलं. तेव्हा शाखेत पहिला प्रश्न विचारायचा तो हा : कपातीचा आदेश कोणाचा, त्याची प्रत द्या.

पैसे परत करायचेच असतील तर

निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, तिथे कोणताही निकाल कामाला येत नाही. मृत्यूची माहिती आणि दाखल्याची प्रत कोषागाराला आणि बँकेला लगेच द्या. एटीएम कार्ड वापरू नका. हॉस्पिटलचं बिल भागवायला काढलेले असले तरी ते पैसे शासनाचेच असतात, आणि वारसांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचं प्रकरण त्यावरून अडकतं.

इतर बाबतीत, रक्कम खरोखर जादा आहे आणि संरक्षण लागू होत नाही अशी खात्री झाली, तर हप्ते मागा. नियम १३४-अ मध्येच हप्त्यांची तरतूद आहे, आणि पेन्शन शासनानं ठरवलेल्या किमान रकमेखाली जाता कामा नये, असंही तो सांगतो. अर्जात औषधांचा खर्च, कर्जाचे हप्ते, अवलंबून असलेली माणसं आकड्यांनिशी लिहा. भरलेल्या प्रत्येक हप्त्याच्या चलनाची प्रत ठेवा आणि शेवटी ‘वसुली पूर्ण’ असा दाखला मागून घ्या. वसुली संपली तरी कपात एखाद-दोन महिने चालू राहते. त्या महिन्यांच्या पावत्या दाखवून परतावा मागा.